डोंगरावर जाण्याचा हक्क आणि रज्जुमार्गाची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर जमीन, पाणी, वीज, शिक्षण असे भारदस्त विषय आहेत आणि त्यांच्या रांगेत माझ्या वाट्याला डोंगरावर जाणारा पाळणा आलेला आहे. विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली होती, तेव्हा दोष त्यांच्याकडे जात नाही. सहलीचा विषय समाजवाद्यांच्या व्यासपीठावर कशाला, असे एक-दोघांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलेही. ज्या ठिकाणी लाखो कुटुंबे वर्षभराची शिल्लक खर्चून जातात, ज्यावर हजारो कष्टकऱ्यांची चूल अवलंबून असते, आणि ज्यासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र योजना काढून हजारो कोटींचे ठेके द्यायला आरंभ केला आहे, ती गोष्ट राजकारणाबाहेरची कशी मानावी हे मला उमगत नाही. आपण जिला 'करमणूक' म्हणून बाजूला टाकतो तिच्यात मालकी, मजुरी आणि माणसाची प्रतिष्ठा हे तिन्ही प्रश्न दडलेले असतात.

उदाहरण म्हणून मी काश्मीरमधील गुलमर्गचा रज्जुमार्ग घेतो. आपल्याकडची मध्यमवर्गीय कुटुंबे काश्मीरला गेली की बहुधा तेथे जाऊन येतातच, त्यामुळे पुष्कळांना तो पाहून वा ऐकून ठाऊक असेल. टनमर्गपासून रस्ता सूचिपर्णी वृक्षांच्या दाटीतून वळणे घेत चढतो आणि सुमारे २,६५० मीटर उंचीवर एकदम मोकळे कुरण समोर येते. तेच गुलमर्ग. इंग्रजांनी उन्हाळ्यातील आपले विश्रामस्थान म्हणून ते वाढवले. बर्फावर स्कीने घसरण्याच्या खेळाचा त्यांचा क्लब तेथे १९२७ साली निघाला. स्वातंत्र्यानंतर हे साहेबी कुरण सर्वांसाठी खुले झाले, पण कुरणावरचा डोंगर अंगात बळ असलेल्यांचाच राहिला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रज्जुमार्गाचे काम फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने सुरू झाले. मग खोऱ्यात बंदुका वाजू लागल्या आणि ते थांबले. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत, म्हणजे ३,००० मीटरच्या थोडे वर नेतो. २००५ साली दुसरा टप्पा झाला, तो अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, ४,००० मीटरला थोडेच कमी अशा उंचीवर पोचतो. सहा-सहा माणसांचे बंद पाळणे एकामागून एक येत राहतात, आणि तासाला सुमारे सहाशे माणसे वर जातात. हा रज्जुमार्ग सरकारी महामंडळाच्या मालकीचा आहे. या मुद्द्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

प्रथम त्या पाळण्याविषयी चार चांगले शब्द बोलू. निंदेशिवाय ज्यांना आरंभच करता येत नाही असा एक पंथ आपल्यात आहे. मला त्याचा कंटाळा आलेला आहे. पाळणा स्थानकातून सुटतो, खांबावरच्या चाकांवरून खडखडत पुढे जातो आणि मग एकदम शांत होतो. पायाखाली झाडांचे शेंडे येतात. कोंगडोरीजवळ गुज्जर मेंढपाळांच्या मातीच्या छपरांची घरे दिसतात; हिवाळ्यात त्यांची केवळ छपरेच बर्फातून डोकावत असतात. दुसऱ्या टप्प्यात झाडे संपतात. खडक, बर्फ आणि वारा एवढेच उरते. आकाश स्वच्छ असले तर उत्तरेला नंगा पर्वताचा पांढरा ठोकळा दिसतो. ज्याने आयुष्यभर गिरणीचे भोंगे, कचेरीतील टेबल किंवा शाळेतील फळा पाहिला त्याला हे दृश्य दिसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. रज्जुमार्ग नव्हता तेव्हा अफरवटवर कोण जात असे? मेंढपाळ, सैनिक, आणि हौस व सवड दोन्ही असलेला धडधाकट तरुण. आज गुडघ्यांनी जवाब दिलेली नागपूरची आजी तेथे जाते, कुबड्यांवर चालणारा मुलगा जातो, आणि ज्या बाईला आयुष्यात कोणी 'चल, डोंगर चढू' म्हटले नव्हते तीही जाते. यंत्राने केलेली ही लोकशाही आहे. ती अपुरी आहे, पण खोटी नाही.

आमचे काही गांधीवादी स्नेही या ठिकाणी हरकत घेतात. डोंगर पायांनी चढावा, घाम गाळून शिखर गाठण्यातच त्याचा अर्थ आहे, पाळण्यातून वर जाणे म्हणजे शिखराचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. मी स्वतः सह्याद्रीत पुष्कळ पायपीट केलेली आहे. पण या युक्तिवादात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. यंत्र नव्हते तेव्हा दुबळी माणसे डोंगरावर जात नसत असे नाही. ज्यांच्याजवळ पैसा होता ती दुसऱ्याच्या खांद्यावरून जात होती. गिरनारला जवळजवळ दहा हजार पायऱ्या आहेत. तेथे डोलीत बसण्यापूर्वी यात्रेकरूचे काट्यावर वजन करायचे आणि वजनाप्रमाणे भाडे ठरवायचे ही जुनी रीत. एक माणूस दुसऱ्या माणसाला किलोच्या हिशेबाने उचलतो, आणि उचललेला माणूस वर जाऊन पुण्य जोडतो! या व्यवहारातला घाम कोणाचा आणि शिखराचा अर्थ कोणाच्या पदरी पडतो, याचे उत्तर त्या स्नेह्यांनी द्यावे.

गुलमर्गातही हेच चित्र आहे, आणि तेथे ते अधिक बोचते. फ्रेंच बनावटीचा पाळणा माणसांना वर नेत असतो, आणि त्याच्याच पायथ्याशी, बर्फ पडले की, लाकडी स्लेजवर प्रवाशाला बसवून एक माणूस दोरी कमरेला वा खांद्याला लावून ती ओढत असतो. प्रवासी फोटो काढून घेतो. ओढणारा दिवसभर वाट पाहतो, दहा जणांच्या मागे धावतो, त्यांतला एक बसतो, तोही भाव पाडून बसतो. आपले लोक घरी आल्यावर सांगतात की तेथले घोडेवाले आणि स्लेजवाले फार मागे लागतात, अंगावर येतात. ते मागे का लागतात, हंगाम किती आठवड्यांचा असतो, उरलेल्या वर्षात ते काय करतात, हे विचारलेले मी फारसे ऐकले नाही. एकाच कुरणात विसाव्या शतकाच्या अखेरचे यंत्र आणि वेठीच्या काळातले ओझे शेजारी शेजारी उभे आहेत. यंत्र आले, तरी ओझे गेले नाही.

ते का गेले नाही, याचा विचार केला पाहिजे. आणि त्यासाठी काश्मीरइतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या माथेरानला मोटारींना बंदी आहे, आणि म्हणून इंग्रजी अमदानीपासून माणसाने ओढलेली रिक्षा तेथे चालत आली. चढावर पुढे एक, मागे दोघे, आणि गादीवर प्रवासी. या प्रथेविरुद्ध रिक्षा ओढणाऱ्यांनीच आवाज उठवला आणि आम्हांला ई-रिक्षा द्या अशी मागणी केली. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण 'यंत्र आले तर गरिबाची भाकरी जाईल' असे सांगणारे बहुधा स्वतः गरीब नसतात. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला काळिमा आहे असे ठरवून ती प्रथा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. आदेशाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ई-रिक्षा कोणा ठेकेदाराला न देता ज्यांनी हातरिक्षा ओढली त्यांनाच द्यावी, राहिलेल्यांतून आदिवासी स्त्रियांचा विचार करावा, आणि पैसा नाही ही सबब सरकारने सांगू नये, असे न्यायालयाने म्हटले. हे म्हणताना न्यायालयाने १९८० सालच्या पंजाबातील रिक्षाचालकांच्या खटल्याचा आधार घेतला. तो निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांचा होता. रिक्षा ज्याची तोच ती चालवील असा कायदा करायचा, पण गरिबाला रिक्षा विकत घेण्याचे साधन द्यायचे नाही, हे चालणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे तत्त्व पंचेचाळीस वर्षे कागदावर होते आणि माथेरानच्या चढावर माणसे रिक्षा ओढत होती. तेव्हा, यंत्र यावे की न यावे, या वादात आपण शक्ती दवडू नये. यंत्र आल्यावर ते ओढणाऱ्याच्या हातात जाते की ओढणाऱ्याला रस्त्यावर टाकून दुसऱ्याच कोणाच्या हातात जाते, येथे आपली बाजू ठरते.

आता देशात काय घडत आहे ते पाहा. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' नावाची राष्ट्रीय रज्जुमार्ग योजना जाहीर झाली. पहाडी भागात रस्ते कापण्यापेक्षा रज्जुमार्ग बरे, हे तिचे समर्थन, आणि त्यात तथ्य आहे. हिमालयातील रस्तेबांधणीने किती कडे ढासळवले ते आपण पाहिले आहे. परंतु योजनेची घडण 'सरकार आणि खाजगी भागीदारी' अशी आहे. ५ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गाला मंजुरी दिली. खर्च ४,०८१ कोटी रुपये. आज गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण आहे. आठ-नऊ तासांचा प्रवास ३६ मिनिटांवर येईल आणि तासाला एका दिशेने १,८०० माणसे जातील असे सांगण्यात आले. त्याच दिवशी हेमकुंड साहिबच्या २,७३० कोटींच्या रज्जुमार्गालाही मान्यता मिळाली. केदारनाथचे काम पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अदाणी उद्योगसमूहाकडे गेले. सहा वर्षे बांधणी आणि नंतर एकोणतीस वर्षे तो चालवून उत्पन्न घेण्याचा हक्क! आज पंचविशीत असलेला खेचरवाला साठीला येईपर्यंत त्या डोंगराची वाट एका कंपनीच्या हिशेबवहीत राहणार आहे. ३६ मिनिटांचे आकडे सर्व वर्तमानपत्रांनी छापले. खेचरे, पिठ्ठू आणि दांडी-कंडीवर जगणाऱ्या हजारो कुटुंबांचे त्या एकोणतीस वर्षांत काय होणार, याचा आकडा कोणी मागितलाही नाही.

कटऱ्याच्या कष्टकऱ्यांनी मात्र तो मागितला. वैष्णोदेवीच्या वाटेवर ताराकोट ते सांझीछत असा अडीचशे कोटींचा रज्जुमार्ग करण्याचे देवस्थान मंडळाने ठरवले. वृद्धांची व अपंगांची सोय व्हावी, असे कारण दिले गेले, आणि ते कारण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या तेरा किलोमीटरच्या वाटेवर घोडेवाले, पालखीवाले, पिठ्ठू आणि दुकानदार पिढ्यान् पिढ्या जगत आहेत, त्यांना विश्वासात घेतले गेले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये संप झाला, दगडफेक झाली. डिसेंबरअखेर कटरा आठवडाभर बंद राहिला. धरलेल्या कार्यकर्त्यांना सोडावे लागले तेव्हाच बंद मागे घेतला गेला. आपल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी 'यात्रेकरूंचे हाल' या मथळ्याखाली दिली. तेथे कामगार आणि दुकानदार एकत्र उभे राहिले, हिंदू दुकानदार आणि मुसलमान घोडेवाला एका मागणीसाठी एका रस्त्यावर बसले, हे या काळात किती दुर्मिळ आहे! ती बातमी होती. पण ती छापायला जागा नव्हती.

गिरनारवर २४ ऑक्टोबर २०२० रोजी २.३ किलोमीटरचा रज्जुमार्ग सुरू झाला. तो अंबाजीच्या देवळापर्यंत, म्हणजे निम्म्या पायऱ्यांच्या उंचीपर्यंत नेतो, आणि खाजगी कंपनीकडून चालवला जातो. खांद्यावरची डोली हलकी झाली याचा मला आनंद आहे. खांद्याला काम उरले नाही तेव्हा त्या खांद्याच्या धन्याला त्या कंपनीत भाग का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे. धरणासाठी जमीन गेली तर निदान कागदावर तरी आपण विस्थापित म्हणतो. ज्याची वाट गेली त्याला कोणत्या नावाने हाक मारायची?

येथे कोणी म्हणेल की खाजगी मालकीचे हे दोष आहेत, रज्जुमार्ग सरकारी करा म्हणजे झाले. म्हणूनच मी गुलमर्गपासून आरंभ केला. तो सरकारीच आहे. काश्मीरमध्ये १९५० साली शेख अब्दुल्लांच्या राजवटीने बड्या जमीनदारांच्या जमिनी मोबदल्याशिवाय काढून कुळांना दिल्या. जमीनसुधारणेचे एवढे धीट पाऊल देशात फार थोड्या ठिकाणी पडले. अशा भूमीतला हा सरकारी पाळणा. तरीही दोन्ही टप्प्यांचे भाडे आज माणशी दीड हजार रुपयांच्या वर आहे. ज्या रोजगार हमीचा जन्म आपल्या महाराष्ट्रात झाला तिची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे मजुराने पाच दिवस खोदकाम करावे तेव्हा त्याला एकट्याला एकदा शिखर दिसणार, तेही घरच्यांनी पाच दिवस उपाशी राहायचे ठरवले तर. हे भाडे काश्मीरच्या बाहेरून येणाऱ्या पर्यटकाच्या खिशाकडे पाहून ठरवलेले आहे. महामंडळाला नफा होतो याचे कौतुक होते. सरकारी मालकी म्हणजे समाजाची मालकी, हे समीकरण आपण फार काळ गृहीत धरले. सरकारही व्यापाऱ्यासारखे वागू शकते आणि पुष्कळदा वागतेच. कोंगडोरीच्या मेंढपाळाला त्याच्या कुरणावरून जाणाऱ्या दोरावर काडीचा हक्क नाही. वनहक्कांचा २००६ चा कायदादेखील जम्मू-काश्मीरपर्यंत पोचायला २०१९ नंतरची वर्षे उजाडावी लागली.

बोलिव्हियाकडे पाहिले तर वेगळे काही शक्य आहे हे दिसते. ला पाझ शहर एका खोल कटोऱ्यात वसले आहे आणि त्याच्या काठावर, ४,००० मीटरच्या उंचीवर, एल आल्तो हे मूळ रहिवाशांचे, गरिबांचे शहर. म्हणजे अफरवटचा पाळणा जेथे थांबतो त्या उंचीवर तेथे मोलकरणी, गवंडी, फेरीवाले राहतात आणि रोज खाली कामाला येतात. एव्हो मोरालेस यांच्या समाजवादी सरकारने २०१४ पासून तेथे रज्जुमार्गांचे जाळे उभारले. दहा मार्ग, एकूण तीस किलोमीटरच्या वर लांबी, चालवणारी कंपनी सरकारी, आणि भाडे कामगाराला परवडेल असे, तीन बोलिव्हियानो. डोंगर पाहायला पैसे मोजणाऱ्या पाहुण्यासाठी तो बांधला नव्हता, डोंगरावर राहणाऱ्यासाठी बांधला होता. पाहुणेही त्यात बसतात आणि हिमशिखरे पाहून खूश होतात, ते वेगळे. या सरकारचे दोष पुष्कळ होते आणि आज त्यांचा पक्ष सत्तेवरून गेलेला आहे. पण तो पाळणा चालतो आहे, आणि मोलकरणीचा दिवसाचा एक तास वाचतो आहे.

आणि डोंगराची हौस हा उच्चवर्गीयांचा मक्ता आहे, आपण त्यात पडू नये, असे ज्यांना वाटते त्यांना थोडा इतिहास सांगतो. १८९५ साली व्हिएन्ना शहरात 'निसर्गमित्र' या अर्थाच्या नावाची कामगारांची संघटना निघाली. एक शाळामास्तर, एक विळे-कोयते घडवणारा लोहार, आणि एक विद्यार्थी, जो पुढे ऑस्ट्रियाचा अध्यक्ष झाला, तो कार्ल रेनर, हे तिच्या संस्थापकांत होते. समाजवादी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांनी माणसे जमवली. कामगाराला रविवार मिळाला, तर त्या रविवारी त्याने दारूच्या गुत्त्याऐवजी डोंगरावर का जाऊ नये, एवढी साधी कल्पना. वर राहण्याची ठिकाणे श्रीमंतांच्या गिर्यारोहण मंडळांकडे होती, म्हणून कामगारांनी सुट्टीच्या दिवसांत स्वतः दगड वाहून आपली विश्रामगृहे बांधली. जर्मनीत नाझी सत्तेवर येताच १९३३ साली त्यांनी या संघटनेवर बंदी घातली; डोंगरावर जाणारा कामगार हुकूमशहाला धोक्याचा वाटतो हे त्यावरून कळते. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील काही शे तरुण कामगार किंडर स्काउट या डोंगरावर मज्जाव मोडून चढले. तो डोंगर जमीनदारांच्या पक्षी-शिकारीसाठी राखलेला होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. सतरा वर्षांनी मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. मिठासाठी जसा सत्याग्रह होतो तसा मोकळ्या हवेसाठीही होतो, आणि आपल्याला हे नवे नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी झाला, १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावले. ज्यावर सर्वांचा हक्क आहे त्याच्या दारावर कोणीतरी बसलेला असतो. पूर्वी तो जातीचे कारण सांगे, आता तो तिकिटाची खिडकी दाखवतो.

सुरक्षिततेविषयी मला थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण नफ्याचे खरे रूप तेथे उघडे पडते. इटलीत मोत्तारोने नावाच्या डोंगरावर २३ मे २०२१ रोजी रज्जुमार्गाचा ओढदोर तुटला. अशा वेळी आपोआप लागणारा ब्रेक असतो. तो लागला नाही, कारण त्यात मुद्दाम चिमटे अडकवून ठेवले होते. ब्रेक बिघडला होता आणि वरचेवर लागून पाळणा थांबत होता. दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवावा लागला असता. टाळेबंदीनंतर पर्यटक नुकते परत येऊ लागले होते. पंधरांपैकी चौदा माणसे मेली, एक लहान मुलगा वाचला. यंत्रात दोष नव्हता असे नाही, पण यंत्राने स्वतःच्या दोषावर जो उपाय ठेवलेला होता तो माणसांनी हिशेब करून काढून टाकला. गुलमर्गात २५ जून २०१७ रोजी सोसाट्याच्या वाऱ्यात एक मोठे झाड उन्मळून दोरावर पडले आणि पाळणा कोसळला. दिल्लीचे चौघांचे कुटुंब गेले आणि स्थानिक तिघे गेले. त्या कुटुंबाची छायाचित्रे देशभर छापली गेली. तिघा स्थानिकांची नावे किती जणांच्या वाचनात आली? गुजरातेत पावागडावर ६ सप्टेंबर २०२५ रोजी दोर तुटून सहा जण मेले. तो यात्रेकरूंचा पाळणा नव्हता, बांधकामाचे सामान वर नेणारा होता. मेलेल्यांत तो चालवणारे आणि मजूर होते. देवळाच्या वैभवासाठी दगड आणि सिमेंट वर जात होते. यात्रेकरूंच्या रज्जुमार्गासाठी निदान तपासणीचे नियम असतात. सामानाच्या पाळण्यात मजूर बसतो तेव्हा त्याची गणना सामानात होते.

आणखी एक गोष्ट. गुलमर्गचे सारे अर्थकारण बर्फावर उभे आहे, आणि बर्फ आता भरवशाचे राहिलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात तेथे गवत दिसत होते. २०२५ साली हिवाळी क्रीडास्पर्धा फेब्रुवारीत घ्यायच्या त्या बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. पर्यटक मार्ग बदलतो, स्लेजवाल्याला बदलता येत नाही. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला दहशतवाद्यांनी सव्वीस माणसे मारली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसे होती, आणि पर्यटकांसाठी मध्ये पडलेला तेथलाच एक घोडेवालाही होता. त्यानंतर खोऱ्यातील ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे काही काळ बंद करण्यात आली. ते आवश्यकही असेल. पण त्या दिवशी ज्यांचे घोडे रिकामे उभे राहिले त्यांना बेकारीभत्ता नव्हता, विमा नव्हता, घोड्याच्या चाऱ्यासाठी कर्ज नव्हते. डोंगर पाहुण्यांवर जगवायचा असे धोरण ठरवणाऱ्यांनी पाहुणे येणार नाहीत त्या महिन्यांचाही अंदाजपत्रकात विचार करावा, ही मागणी अवास्तव नाही.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? रज्जुमार्गाला सरसकट विरोध मला मान्य नाही. डोलीला आणि ओढरिक्षेला तर कदापि नाही. रज्जुमार्ग ज्या गावांवरून जातो त्या ग्रामसभांची संमती आधी घेतली पाहिजे, ठेका दिल्यानंतर नव्हे. डोली, घोडा, खेचर, स्लेज यांवर जगणाऱ्यांची नोंद काम सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे आणि त्यांची सहकारी संस्था त्या मार्गाच्या उत्पन्नात भागीदार असली पाहिजे. नुसती पहारेकऱ्याची नोकरी देऊन बोळवण नको. सहकार आपल्या राज्याला शिकवावा लागत नाही, साखर कारखान्यात तो कसा नासतो हेही आपण जाणतो, म्हणून सभासदत्व ओझे वाहणाऱ्यांनाच असावे, त्यांच्या पुढाऱ्यांना नव्हे. आठवड्यातून काही फेऱ्या तालुक्यातील रहिवाशांसाठी आणि शाळांतील मुलांसाठी एस.टी.च्या भाड्यात चालल्या पाहिजेत. अपघाताच्या चौकशीचे अहवाल प्रसिद्ध झाले पाहिजेत. आणि वारा वाढला असता पाळणा थांबवणाऱ्या कामगाराला बुडालेल्या उत्पन्नाबद्दल कोणी जाब विचारू नये, असे लेखी संरक्षण असावे.

उद्या सकाळी ज्यांना रायगडावर जायचे आहे त्यांच्यासाठी एक काम ठेवतो. तेथील रज्जुमार्ग १९९६ पासून चालू आहे आणि त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. गडावर दूध घालायला गेलेली, दरवाजे बंद झाले म्हणून लेकरासाठी कडा उतरलेली जी गवळण, तिच्या नावाची ही वाडी. तिची कथा वर जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाते. आपण वाडीत थोडे थांबून विचारावे की रज्जुमार्गावर वाडीतली किती माणसे कायम नोकरीत आहेत, किती ठेक्यावर; वाडीच्या रहिवाशाला तिकिटात सवलत आहे काय; पायऱ्यांच्या वाटेवर ताक आणि भाकरी विकणाऱ्या बायांचा धंदा वाढला की घटला; आणि आता वाडीतली बाई दूध घेऊन वर जाते ती पाळण्यातून जाते की पायऱ्यांनी. उत्तरे लिहून आणावीत. संध्याकाळच्या बैठकीत ठरावाचा मसुदा करायचा आहे आणि त्यात ऐकीव काही नको.